व्यायामकाळातील स्नायूंच्या रक्तप्रवाहाचे चेतानियंत्रण

व्यायामकाळातील स्नायूंच्या रक्तप्रवाहाचे चेतानियंत्रण म्हणजे शारीरिक श्रम चालू असताना कंकाल स्नायूंना (हाडांना जोडलेल्या ऐच्छिक स्नायूंना) होणारा रक्तपुरवठा आणि संपूर्ण शरीराचा रक्तदाब यांचा मेळ घालणारी चेतासंस्थेची कार्यपद्धती होय. या नियंत्रणात स्वायत्त चेतासंस्थेच्या अनुकंपी व परानुकंपी या दोन्ही शाखा भाग घेतात. त्यांपैकी रक्तवाहिन्यांचे नियंत्रण प्रामुख्याने अनुकंपी शाखेकडे असते.

श्रमाच्या वेळी चेतासंस्था स्नायूंतील रक्तवाहिन्या रुंदावते आणि त्यामुळे तेथील रक्तप्रवाह वाढतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः कार्यरत स्नायूतील रक्तवाहिन्या रुंदावण्याचे काम मुख्यतः स्थानिक पातळीवर होते. स्नायूत तयार होणारी रसायने, रक्तवाहिन्यांचा अंतःस्तर आणि स्नायूंच्या आकुंचनाची यांत्रिक क्रिया ही त्याची कारणे होत. अनुकंपी चेतातंतूंचे कार्य याच्या उलट, म्हणजे रक्तवाहिन्यांचा संकोच करण्याचे असते. श्रम जसे वाढतात तसे हे संकोचक संदेशही वाढतात. स्नायूंची मागणी हृदयाच्या क्षमतेबाहेर जाऊन रक्तदाब कोसळू नये, हा त्यांचा उपयोग आहे.

पार्श्वभूमी : मागणी आणि पुरवठा

विश्रांतीच्या स्थितीत प्रौढ माणसाचे हृदय दर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त महाधमनीत ढकलते. कंकाल स्नायूंचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे ४० टक्के असले, तरी त्या वेळी त्यांना या रक्तापैकी १५ ते २० टक्केच, म्हणजे मिनिटाला सुमारे एक लिटर रक्त मिळते. दर १०० ग्रॅम स्नायूमागे हे प्रमाण मिनिटाला २ ते ४ मिलिलिटर इतके भरते. जोरकस व्यायामात निरोगी तरुण व्यक्तीच्या हृदयातून मिनिटाला २० ते २५ लिटर रक्त बाहेर पडते आणि त्यातील ८० ते ८५ टक्के रक्त कार्यरत स्नायूंकडे जाते.

स्नायूची रक्त सामावण्याची क्षमता याहूनही मोठी आहे. पी. अँडरसन आणि बेंग्ट साल्टिन यांनी १९८५ मध्ये मांडीच्या पुढील भागातील एकाच स्नायुगटाला व्यायाम देऊन मोजमाप केले. तेव्हा दर किलोग्रॅम स्नायूमागे मिनिटाला सुमारे २.५ लिटर रक्तप्रवाह आढळला. ७० किलोग्रॅम वजनाच्या माणसाच्या शरीरात सुमारे २८ किलोग्रॅम स्नायू असतात. ते सर्व याच प्रमाणात एकाच वेळी खुले झाले, तर मिनिटाला ७० लिटर रक्त लागेल. सहनशक्तीच्या खेळांतील अव्वल खेळाडूंचे हृदयही मिनिटाला ३५ ते ४० लिटरांच्या पलीकडे सहसा जात नाही.

रक्तदाब हा हृदयाने ढकललेले रक्त आणि रक्तवाहिन्यांचा रोध यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. हृदयाची क्षमता संपल्यानंतरही रोध घटत राहिला, तर रक्तदाब उतरतो. त्याचा पहिला फटका मेंदूला बसतो आणि खुद्द स्नायूंनाही रक्त कमी पडू लागते. म्हणून कोणत्या रक्तवाहिन्या किती खुल्या ठेवायच्या, यावर शरीराला सतत नियंत्रण ठेवावे लागते. हे नियंत्रण प्रामुख्याने धमनिकांच्या, म्हणजे धमन्यांच्या सूक्ष्म शाखांच्या, पातळीवर चालते. नळीतून संथपणे वाहणाऱ्या द्रवाचा प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे त्रिज्या दुप्पट झाल्यास, इतर गोष्टी समान असताना, प्रवाह सोळापट होतो. धमनिकेच्या व्यासात झालेला किरकोळ बदलही यामुळे परिणामकारक ठरतो.

रचना

रक्तवाहिन्यांकडे जाणाऱ्या अनुकंपी संदेशांचे एक प्रमुख केंद्र लंबमज्जेच्या अधर-पार्श्व भागात असते. तेथील चेतापेशींचे तंतू मेरुरज्जूच्या छाती व कमरेच्या भागांत उतरतात. तेथून निघालेले तंतू मणक्यांच्या दोन्ही बाजूंना असलेल्या गंडिकांच्या साखळीत पोहोचतात. गंडिकांतून निघणारे पुढचे तंतू हातापायांच्या चेतांमधून स्नायूंतील धमन्या व धमनिकांपर्यंत जातात आणि त्यांच्या भित्तींतील अपट्टकी (अनैच्छिक) स्नायूंच्या लगत संपतात. केशवाहिन्यांच्या भित्तीत असे स्नायू नसतात. त्यामुळे केशवाहिन्यांतील प्रवाह त्यांच्या अलीकडच्या धमनिकांवरून ठरतो.

या तंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रेनॅलिन हे रसायन स्रवते. ते रक्तवाहिनीवरील अल्फा प्रकारच्या ग्राहींना चिकटते आणि वाहिनीचा संकोच होतो. त्याच्या जोडीला एटीपी आणि न्यूरोपेप्टाइड वाय ही संकोचक द्रव्येही स्रवतात. विश्रांतीतही हे संदेश थोड्या प्रमाणात चालू असतात. म्हणूनच स्नायूंतील धमनिका नेहमी काहीशा आकुंचित राहतात.

अधिवृक्क ग्रंथीच्या मध्यभागातून रक्तात मिसळणारे ॲड्रेनॅलिन कमी प्रमाणात असताना बीटा-२ ग्राहींमार्फत स्नायूंतील वाहिन्या काही अंशी रुंदावते. मांजर व कुत्रा यांच्या स्नायूंत रक्तवाहिन्या रुंदावणारे स्वतंत्र अनुकंपी तंतू आढळले आहेत. माणसात मात्र अशा तंतूंचा ठोस पुरावा मिळालेला नाही.

मध्यवर्ती आदेश

स्नायू हलवण्याचा आदेश मेंदूच्या वरच्या भागांतून निघतो, तेव्हाच त्याची एक समांतर सूचना लंबमज्जेतील रक्ताभिसरण केंद्रांकडे जाते. या यंत्रणेस मध्यवर्ती आदेश असे म्हणतात. ऑगस्ट क्रॉग आणि योहानेस लिंडहार्ड या डॅनिश शास्त्रज्ञांनी १९१३ मध्ये या कल्पनेला प्रायोगिक आधार दिला. व्यायाम सुरू होताच हृदयाची गती व श्वसन इतक्या तत्परतेने वाढते, की स्नायूंतील रासायनिक बदल रक्तावाटे मेंदूपर्यंत पोहोचण्यास तेवढा अवधीच मिळत नाही, असे त्यांनी दाखवून दिले.

प्रारंभीची ही वाढ मुख्यतः परानुकंपी शाखेच्या माघारीमुळे होते. व्हेगस म्हणजेच प्राणेशा चेता विश्रांतीत हृदयाला लगाम घालून ठेवते. व्यायामाच्या पहिल्या काही ठोक्यांतच तो सैल होतो. हृदयाची गती मिनिटाला सुमारे १०० ठोक्यांच्या पुढे जाऊ लागली, की अनुकंपी उत्तेजनाचा वाटा वाढत जातो.

या आदेशाचा संबंध प्रत्यक्ष निर्माण झालेल्या बळापेक्षा केलेल्या प्रयत्नाशी अधिक असतो. १९७२ मध्ये गुडविन, मॅक्‌क्लॉस्की आणि मिचेल यांनी स्नायूच्या कंडरेला कंपने दिली. त्यामुळे तेवढेच बळ कमी प्रयत्नात निर्माण होऊ लागले. बळ तेवढेच असूनही रक्तदाब व हृदयगती यांतील वाढ कमी झाली. विरुद्ध कार्य करणाऱ्या स्नायूच्या कंडरेला कंपने देऊन प्रयत्न वाढवला असता ही वाढ अधिक झाली. शर्यत सुरू होण्यापूर्वीच धावपटूची छाती धडधडू लागते, त्यामागेही मेंदूकडून येणाऱ्या अशाच पूर्वसूचनेचा भाग असतो.

स्नायूंकडून येणारे संदेश

मेंदूने श्रमांचा अंदाज बांधला, तरी स्नायूंची प्रत्यक्ष स्थिती त्याला स्नायूंकडूनच कळते. स्नायूंत संवेदी चेतातंतूंची सूक्ष्म टोके पसरलेली असतात. त्यांपैकी तिसऱ्या गटातील बारीक, आवरणयुक्त तंतू मुख्यतः ताण व दाब यांनी उद्दीपित होतात. चौथ्या गटातील आवरणरहित तंतू मुख्यतः रासायनिक बदल टिपतात. हायड्रोजन आयन, लॅक्टेट, पोटॅशियम, एटीपी, ब्रॅडिकायनिन आणि प्रोस्टाग्लँडिने ही त्यांना उद्दीपित करणारी काही द्रव्ये होत. हे संदेश मेरुरज्जूमार्गे लंबमज्जेत पोहोचतात आणि तेथून अनुकंपी क्रिया वाढते. या प्रतिक्षिप्त क्रियेस व्यायामजन्य रक्तदाबवर्धक प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात.

या क्रियेचा महत्त्वाचा पुरावा अलम आणि स्मर्क यांनी १९३७ मध्ये कैरो येथे मिळवला. त्यांनी व्यायाम करणाऱ्या अवयवावर हवेचा पट्टा आवळून त्याचा रक्तप्रवाह थांबवला. व्यायाम थांबल्यावरही, पट्टा आवळलेला असेपर्यंत रक्तदाब चढाच राहिला. पट्टा सैल करताच तो उतरला. या काळात स्नायू शिथिल होते, म्हणजे प्रयत्न संपलेला होता. त्यामुळे रक्तदाब चढा ठेवणारी सूचना स्नायूत अडकून पडलेल्या रसायनांकडून येत असली पाहिजे, हे स्पष्ट झाले. पुढे १९७२ मध्ये मॅक्‌क्लॉस्की आणि मिचेल यांनी मांजरांवरील प्रयोगांत हे संदेश बारीक तंतूंमधूनच जातात हे सिद्ध केले. जाड तंतू रोखल्यास ही क्रिया टिकून राहिली, तर बारीक तंतू रोखल्यास ती नाहीशी झाली.

दाबग्राहींचे पुनर्निर्धारण

ग्रीवा धमनीच्या विभाजनाजवळ आणि महाधमनीच्या कमानीत दाबग्राही असतात. विश्रांतीत रक्तदाब वाढला, की त्यांच्या संदेशांमुळे हृदयाची गती मंदावते व रक्तवाहिन्या सैल होतात. व्यायामात मात्र रक्तदाब आणि हृदयाची गती दोन्ही एकत्र वाढतात. त्यामुळे व्यायामकाळात ही यंत्रणा बंद पडते, असे एकेकाळी मानले जात असे.

नंतरच्या प्रयोगांत ही यंत्रणा चालूच राहते, फक्त तिचे नियोजित मूल्य वर सरकते, असे आढळले. मध्यवर्ती आदेश आणि स्नायूंकडून येणारे संदेश हे दोन्ही या बदलास कारणीभूत असतात. नियोजित मूल्य वाढल्यामुळे विश्रांतीत पुरेसा वाटणारा रक्तदाब आता लंबमज्जेला अपुरा वाटतो आणि ती अनुकंपी संदेश वाढवते. अशा रीतीने स्नायूंतील वाहिन्या रुंदावल्याने रोध घटत असताना दाबग्राहींची यंत्रणा रक्तदाबाला खालून टेकू देते.

कार्यरत स्नायूतील अनुकंपी-शमन

संकोचक संदेश कार्यरत व विश्रांत अशा दोन्ही स्नायूंकडे जातात. मग कार्यरत स्नायूला भरपूर रक्त कसे मिळते, या प्रश्नाचे उत्तर रेमेन्स्नायडर, मिचेल आणि सार्नॉफ यांच्या १९६२ मधील संशोधनाने सुचवले. अनुकंपी चेतेला उत्तेजन दिले असता आकुंचन पावणाऱ्या स्नायूतील वाहिन्यांचा संकोच विश्रांत स्नायूतील संकोचापेक्षा बराच कमी होतो, असे त्यांना आढळले. या घटनेला त्यांनी फंक्शनल सिम्पथोलिसिस असे नाव दिले. तिला मराठीत कार्यजन्य अनुकंपी-शमन म्हणता येईल.

हे शमन घडवणाऱ्या घटकांत अनेक द्रव्यांचा समावेश होतो. स्नायूतंतूंत व रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तरात तयार होणारा नायट्रिक ऑक्साइड हा त्यांपैकी एक आहे. हिमोग्लोबिनमधील ऑक्सिजन कमी झाला, की तांबड्या रक्तपेशी एटीपी बाहेर सोडतात. हे एटीपी रक्तवाहिनीच्या आतील बाजूने कार्य करून तिला रुंदावते आणि संकोचक संदेशाची धार कमी करते. हेच द्रव्य चेतातंतूंच्या टोकांतून, म्हणजे वाहिनीच्या बाहेरील बाजूने स्रवले, तर संकोच घडवते. स्नायूत साठलेले पोटॅशियम व आम्लता यांचाही या शमनात वाटा असतो.

शमन कधीही संपूर्ण नसते. अल्फा ग्राही रोखणारे औषध कार्यरत अवयवाच्या धमनीत दिल्यास तेथील रक्तप्रवाह आणखी वाढतो. याचा अर्थ व्यायाम चालू असतानाही तेथे संकोचक संदेशांचा काही अंमल असतो. त्याचा उपयोग विशेषतः मोठ्या प्रमाणावर स्नायू एकाच वेळी कामास लागतात तेव्हा दिसतो. सायकल चालवण्यासारख्या जोरकस व्यायामात श्वसनाच्या स्नायूंवरील भार यंत्राने हलका केला असता पायांकडे जाणारा रक्तप्रवाह वाढतो. तो भार वाढवला असता पायांचा रक्तप्रवाह घटतो. हृदयाचे रक्त मर्यादित असल्याने अशा वेळी स्नायूंच्या गटांतच स्पर्धा लागते आणि अनुकंपी चेतासंस्था त्यांच्यात वाटणी करते.

इतर अवयवांतील फेरवाटप

अकार्यरत स्नायू, आतडी, यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंडे यांच्या वाहिन्यांवर शमनाचे संरक्षण नसते. व्यायामाची तीव्रता वाढते तसा तेथील रक्तप्रवाह घटत जातो. पोटातील अवयवांना विश्रांतीत मिनिटाला सुमारे १.५ लिटर रक्त मिळते. अतितीव्र व्यायामात ते याच्या एक-चतुर्थांशाच्या आसपास उतरते. शिरांचाही संकोच होऊन तेथे साठलेले रक्त हृदयाकडे परत येते. स्नायूंच्या लयबद्ध आकुंचनाने शिरा पिळल्या जातात, त्याचीही यात मदत होते. मेंदूचा एकूण रक्तपुरवठा फारसा बदलत नाही, तर हृदयाच्या स्वतःच्या स्नायूचा रक्तपुरवठा चार ते पाच पटींनी वाढतो.

उष्ण हवेत त्वचेची मागणीही यात भर घालते. शरीरातील उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेकडे बरेच रक्त वळवावे लागते. घामावाटे पाणी गेल्याने एकूण रक्तद्रव कमी झाला, तर स्नायू, त्वचा व रक्तदाब या तिन्ही गरजा एकाच वेळी भागवणे कठीण होते. अशा स्थितीत कार्यक्षमता घटते आणि उष्माघाताचा धोका वाढतो.

व्यायामाचा प्रकार आणि समाप्ती

धावणे, पोहणे, सायकल चालवणे यांसारख्या गतिमान व्यायामात हृदयाच्या आकुंचनाच्या वेळचा वरचा रक्तदाब वाढतो, तर खालचा फारसा बदलत नाही. जड वजन उचलून धरणे यासारख्या स्थिर व्यायामात आकुंचित स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबून धरतो. त्यामुळे रसायने साठतात, स्नायूंकडून येणारे संदेश तीव्र होतात आणि वरचा व खालचा दोन्ही रक्तदाब वाढतात. श्वास रोखून धरल्यास ही वाढ आणखी मोठी होते. मॅक्‌डूगल व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दोन्ही पायांनी जड वजन ढकलणाऱ्या शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत थेट मोजलेल्या रक्तदाबाची उच्चतम सरासरी पाऱ्याच्या स्तंभाच्या ३२०/२५० मिलिमीटर इतकी होती.

व्यायाम एकाएकी थांबवल्यास मध्यवर्ती आदेश आणि स्नायूंचे पिळणे दोन्ही थांबतात. मात्र स्नायूंतील धमनिका काही काळ रुंदच राहतात. उभ्या स्थितीत रक्त पायांत साठून रक्तदाब उतरतो आणि घेरी येऊ शकते. शर्यत संपल्यावर लगेच उभे न राहता काही वेळ चालत राहावे, या सल्ल्यामागे हेच कारण आहे.

संशोधनाचा इतिहास

रक्तवाहिन्यांवर चेतातंतूंचा ताबा असतो ही माहिती १९व्या शतकाच्या मध्यास मिळाली. क्लॉद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने सशाच्या मानेतील अनुकंपी चेता कापली असता त्या बाजूचा कान उबदार झाला. ब्राउन-सेकार यांनी १८५२ मध्ये त्याच चेतेला विजेचे उत्तेजन देऊन कान थंड होतो हे दाखवले. स्नायूंतील आम्ल द्रव्ये रक्तवाहिन्या सैल करतात, हे वॉल्टर गॅस्केल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८० च्या सुमारास दाखवले. अशा रीतीने चेताजन्य संकोच आणि स्थानिक विस्फार या दोन्ही बाजू एकोणिसाव्या शतकातच पुढे आल्या होत्या.

१९४६ मध्ये उल्फ फॉन ऑयलर यांनी अनुकंपी चेतातंतूंतील संदेशवाहक नॉरॲड्रेनॅलिन असल्याचे दाखवले. त्यांना १९७० मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हागबार्थ व व्हाल्बू या स्वीडिश शास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये जाग्या माणसाच्या चेतेत अतिसूक्ष्म सुई ठेवून अनुकंपी संदेशांची नोंद केली. या पद्धतीमुळे हाताची मूठ घट्ट आवळून धरली असता विश्रांत पायाच्या स्नायूंकडे जाणारे अनुकंपी संदेश वाढतात, हे नंतर थेट पाहता आले. रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडच्या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

वैद्यकीय महत्त्व

अनुकंपी चेतासंस्था निकामी झालेल्या रुग्णांत या नियंत्रणाचे महत्त्व ठळकपणे दिसते. अशा रुग्णांचा रक्तदाब व्यायामाने वाढण्याऐवजी उतरतो, कारण स्नायूंतील वाहिन्या रुंदावतात, पण इतरत्र संकोच होत नाही.

उच्च रक्तदाब व हृदयाची अकार्यक्षमता या विकारांत उलट परिस्थिती आढळते. स्नायूंकडून येणाऱ्या संदेशांना मिळणारा अनुकंपी प्रतिसाद अवाजवी असतो आणि कार्यरत स्नायूतील शमन अपुरे पडते. परिणामी थोड्या श्रमातही स्नायूंना रक्त कमी पडून थकवा येतो. पायांच्या धमन्या अरुंद झालेल्या रुग्णांत चालताना रक्तदाब नेहमीपेक्षा अधिक वाढतो. ड्युशेन स्नायुदुष्पोषण या आनुवंशिक विकारात स्नायूतंतूंतील नायट्रिक ऑक्साइड तयार करणारे विकर आपल्या जागी टिकत नाही; अशा मुलांच्या स्नायूंत शमनाची क्रिया क्षीण असते.

वाढत्या वयानुसारही शमनाची क्षमता घटते. नियमित व्यायामाने मात्र ती टिकवता व काही प्रमाणात सुधारता येते. हृदयविकाराच्या रुग्णांना वैद्यकीय देखरेखीखाली दिल्या जाणाऱ्या व्यायामाचा लाभ हृदयाबरोबरच स्नायूंतील रक्तवाहिन्या आणि त्यांचे चेतानियंत्रण यांनाही होतो.

हेही पहा

स्वायत्त चेतासंस्था
रक्ताभिसरण संस्था
रक्तदाब
प्रतिक्षिप्त क्रिया
कंकाल स्नायू